दोन वाट्या, एक घास

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, तरी कुंदा सावे नवऱ्याच्या जोडीने एकदाही जेवायला बसली नव्हती. यात रुसवाफुगवा काही नव्हता. आधी घर मोठं होतं, सासू-सासरे, दीर, चिकूच्या वाडीवर कामाला येणारी माणसं. वाढणाऱ्या बाईला टेकायला सवडच नसायची. पुढे घर लहान झालं, मुलगी पल्लवी लग्न होऊन वापीला गेली, घोलवडच्या त्या घरात दोघंच उरली, तरी कुंदा आपली उभीच. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे हा तिचा हट्ट. आणि "तू पण बस गो" असं एकदा म्हणून, उत्तराची वाट न बघता पहिला घास घ्यायचा, ही हरेश्वरची रीत.

म्हणून डहाणूच्या उपचार केंद्रात त्या मुलीने अगदी सहज विचारलं, "काकू, तुम्ही दोघं रोज एकत्रच जेवता ना?" तेव्हा कुंदाने आधी हातातली पिशवी मांडीवर नीट ठेवली. मग ती म्हणाली, "एकाच घरात जेवतो."

मुलीचं नाव सिंथिया लोपीस. वसईची, तिशीची, बोलायला झटपट आणि हाताने सावकाश. गिळता न येणाऱ्यांना पुन्हा गिळायला शिकवणं हाच तिचा धंदा. असाही धंदा असतो हे कुंदाला तीन आठवड्यांपूर्वी कोणी सांगितलं असतं, तर ती हसली असती.

तीन आठवड्यांपूर्वी हरेश्वर वाडीत चिकू निवडता निवडता खाली बसला आणि त्याला उठता येईना. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली, वाचा गेल्यात जमा. आणि गिळणं गेलं. पाण्याचा थेंबही गिळता येईना. नाकातून पोटात नळी घातली होती, तिच्यातून दिवसातून सहा वेळा पांढरं पातळ काहीतरी आत सोडायचं. पंचक्रोशीत ज्याच्या जिभेला मान होता, त्या माणसाचं जेवण आता जिभेला न लागता खाली जात होतं.

हा मान उगाच नव्हता. चिकू काढणीला तयार झाला की नाही, हे बाकीचे लोक नखाने साल खरवडून बघत. हरेश्वर नुसता नाकाशी धरायचा. पिकत घातलेल्या ढिगातला एक कापून फोड तोंडात टाकायचा, घास तसाच धरून कुठेतरी लांब बघायचा, मग गिळायचा आणि सांगायचा, "अजून दोन दिवस." त्या दोन दिवसांत कधी फरक पडला नाही. बागायतदारांच्या संघाने मध्यंतरी वास ओळखणारं यंत्र आणलं, तेव्हा लोकांनी दोघांची शर्यत लावली होती. यंत्र हरलं. हरेश्वरने त्या यंत्राच्या डब्यावर हात ठेवून, "शिकेल हळूहळू," म्हणून त्याची समजूत काढली होती.

आता एका यंत्रानेच त्याची समजूत काढायची वेळ आली होती.

गिळण्याकडे आपण कधी लक्ष देत नाही, कारण तशी गरजच पडत नाही. जिभेने घास मागे ढकलेपर्यंत काय ती आपली मर्जी. पुढचं सगळं मेंदूच्या देठातून आपोआप घडतं. श्वास थांबतो, कंठ वर उचलला जातो, श्वासनळीवर झाकण पडतं, अन्ननळीचं तोंड उघडतं, घास उतरतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. स्नायूंच्या तीसेक जोड्या आणि वेळ जेमतेम एक सेकंद. हरेश्वरचे स्नायू शाबूत होते. त्यांनी कोणामागून कोणी कामाला लागायचं, तो क्रम मात्र पुसला गेला होता.

हा क्रम यंत्राने लावून द्यायचे प्रयोग आधी झाले होते. घशात केसाएवढ्या तारा बसवायच्या आणि ठरावीक ठेक्यात स्नायूंना चालना द्यायची. ते फसले. कारण घसा ठरावीक ठेक्यात गिळतच नाही. पाणी आलं तर घाई करतो, मऊ भात आला तर दमाने घेतो, चिकट काही आलं तर जोर लावतो. आणि हे सगळं घास तोंडाला लागल्या क्षणी ठरतं. ते ठरवणं कुठल्याच यंत्राला जमेना. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, यंत्राने ठरवायचंच कशाला? समोर धडधाकट माणूस बसवा. त्याच्या तोंडात तोच घास द्या. त्याचा घसा जे करील ते गळ्यावरच्या पट्टीने टिपा आणि तत्क्षणी रोग्याच्या घशातल्या तारांना पोचवा. एकाने गिळलं की दोघांचं गिळून होतं. असं रोज, पाच-सहा महिने. हळूहळू रोग्याचा मेंदू तो क्रम पुन्हा उचलतो आणि एक दिवस तारा बंद केल्या तरी घास उतरतो. कागदोपत्री या उपचाराचं नाव होतं 'सहघास'. लोक नुसतं 'पट्टी' म्हणत.

"सहा महिन्यांत जमलं तर नाकातली नळी कायमची निघेल," सिंथिया म्हणाली. "नाही जमलं तर पोटाला भोक पाडून तिथे नळी बसवावी लागेल, आणि मग तोंडाने खाणं विसरायचं."

"जमेल," कुंदा म्हणाली. हरेश्वरकडे तिने बघितलंच नाही.

"नियम एकच आहे, पण तो कडक आहे. एकाच भांड्यातलं अन्न, दोन वाट्या, सारखा चमचा, एकाच वेळी. काकांच्या तोंडात जे असेल तेच तुमच्या तोंडात. तुम्हाला आवडो न आवडो. तुमचा घसा त्यांच्यासाठी निर्णय घेणार आहे, त्याला चुकीची माहिती देऊन चालणार नाही."

"आणि ठसका लागला तर?"

"ठसका लागला तर मी पेढे वाटीन. ठसका न लागणं वाईट, काकू. त्यांच्या घशाच्या आतलं भान गेलंय. श्वासनळीत काही उतरलं तरी त्यांना कळणार नाही, तुम्हालाही नाही. दोन दिवसांनी ताप येतो तेव्हा कळतं."

मग तिने एक लांबलचक यादी विचारली. मधुमेह? दाताची कवळी? कशाची ऍलर्जी? काही पथ्य? कुंदा प्रत्येकाला "नाही" म्हणत गेली, आणि ती खोटं बोलत नव्हती.

हरेश्वरच्या घशात तारा बसवून झाल्यावर पहिला घास तांदळाच्या पेजेचा होता. केंद्रात त्यासाठी खाटा नव्हत्या, चक्क जेवणाचं टेबल होतं, स्टीलच्या वाट्या होत्या, भिंतीवर फळांचं एक भडक चित्र होतं. कुंदा खुर्चीच्या कडेवर बसली, कधीही उठून वाढायला जावं लागेल अशी. गळ्याला चिकटवलेली पट्टी गार लागत होती. समोर हरेश्वर, नाकात नळी, गळ्यात तसलीच पट्टी. दोघांनी चमचा तोंडात घेतला. त्याच्यासमोर तोंड हलवायची तिला इतकी लाज वाटली, की नव्या नवरीला काय वाटेल. तिने गिळलं. त्याचा कंठ टुणकन वर गेला आणि खाली आला.

हरेश्वरचे डोळे मोठे झाले. डाव्या हाताने त्याने आपला गळा चाचपला, मग टेबलावरून हात पुढे करून तिचा.

"बघा," सिंथिया पडद्याकडे बघत म्हणाली, "काका गिळायच्या आधी जरा थांबतात. पाव सेकंद. हा थांबा आजाराचा नाही, आधीचाच असणार. त्यांच्याकडून उलट तुमच्या पट्टीत तो कळेल तुम्हाला, बारीक टिचकी मारल्यासारखा. तुमचा घसाही हळूहळू त्यांच्यासाठी थांबायला शिकेल. चांगलं आहे ते, दोघं मधे कुठेतरी भेटता."

कुंदाला तो थांबा ओळखायला यंत्राची गरज नव्हती. लांब कुठेतरी बघत चिकूची फोड तोंडात धरणारा माणूस तिने एक्केचाळीस वर्षं उभ्याने बघितला होता.

नंतरचे चार महिने कोणी विचारले, तर कुंदा ते आयुष्यातले चांगले महिने म्हणून सांगेल, आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटणार नाही. घरी पट्टी मिळाली. सकाळी पेज, दुपारी मऊ भात आणि दुधीचा गरगट, संध्याकाळी दही किंवा केळ्याचं शिकरण. दिवसातून तीनदा नवरा-बायको समोरासमोर बसून एकाच क्षणी गिळत. तिचे उपास सुटले, कारण चतुर्थीला त्याने काय उपाशी राहायचं? आमटी तिला झेपणार नाही इतकी तिखट करावी लागायची, कारण त्याला तशी हवी. त्याला दह्यात साखर चालायची नाही, तीही सुटली. "इतकी वर्षं मला वाटत होतं तुम्हाला माझ्या हातचं आवडतं," ती एकदा म्हणाली. "तुम्ही तर सगळं माझ्यापेक्षा दुप्पट मिठाचं खात होतात. वरून घेत असणार, मी पाठ फिरवली की." हरेश्वर ओठाच्या एका कोपऱ्याने हसला. दुसरा कोपरा हसत नसे.

पंधराव्या आठवड्यात तारा बंद असताना त्याने पाच घासांतले दोन आपले आपण गिळले. सिंथियाने खरंच पेढे आणले आणि स्वतःच खाल्ले.

आणि त्याच आठवड्यात हरेश्वरने लिहायच्या पाटीवर डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या वाकड्या अक्षरात लिहिलं, चिकू.

थंडी पडली होती. वाडीत काढणी जोरात होती. काठीला जाळी बांधलेल्या बेडण्या घेऊन माणसं झाडांखाली फिरत होती आणि ओटीवर कालीपत्ती चिकूंचे ढीग पिकत पडले होते. घरभर वास होता. त्याने मागितला यात नवल ते काय? पण कुंदाने घाईने पाटी पुसून टाकली.

आठ वर्षांपूर्वी हरेश्वरला हृदयाचा झटका आला होता. वापीच्या दवाखान्यात काचेपलीकडे तो पडलेला असताना कुंदाने डोंगरावरच्या महालक्ष्मीला नवस बोलला होता. हे पायांनी चालत घरी येऊ देत, मी जिवंत असेपर्यंत चिकू तोंडात घालणार नाही. लोक नवसाला कारलं सोडतात, नावडती भाजी सोडतात, देवीलाही फसवतात. कुंदाने आपल्याला सगळ्यांत आवडणारी गोष्ट सोडली होती. चिकूच्या घरात राहून, दिवसाला शंभर चिकू हाताळून. तेराव्या दिवशी हरेश्वर चालत घरी आला. तिने हे कोणाला सांगितलं नाही. बोलून दाखवलेला नवस उतरतो, असं तिच्या आईचं म्हणणं. कोणी विचारलं तर "चिकू बाधतो" म्हणायची. आठ वर्षं ती मनात असंच धरून होती, की हा माणूस चालतो-बोलतो आहे तो आपल्या न खाल्लेल्या चिकूंवर.

तिने टाळाटाळ केली. अजून पिकले नाहीत म्हणाली. चिकूंच्या बाबतीत हे हरेश्वरला सांगणं म्हणजे कमालच होती. त्याने पाटीवर लिहिलं, खोटं. रोज सकाळी पाटीवर तोच एक शब्द.

सिंथियाला तर आनंद झाला. "द्या की! शिकरण नीट जमतंय, चिकूही जमेल. गाळून घ्या, रवाळ कण राहू देऊ नका. माणूस ज्याची आस धरतो ना काकू, त्यावर मेंदू सगळ्यांत लवकर शिकतो."

"त्या घासापुरती पल्लवी बसली तर चालेल माझ्याऐवजी?"

"नाही हो. तारा तुमच्या घशाला जुळवल्यात. पल्लवीताईंशी जुळवायच्या तर दोन महिने मागे जाऊ." तिने मान तिरकी केली. "का? तुम्हाला आवडत नाही चिकू?"

"आवडतो," कुंदा म्हणाली. आणि तिथेच थांबली. पुढचं एक वाक्य तिने बोलायला हवं होतं. त्या न बोललेल्या वाक्यासाठी तिने पुढे जन्मभर स्वतःला बोल लावला.

नवस बदलून घेता येतो, हे तिला माहीत होतं. देवीला जाऊन ओटी भरायची, दुसरं काही सोडायचं. पण नवरा असा अर्ध्यात लोंबकळत असताना देवीशी सौदा करायची तिची छाती होईना. चिकू खाल्ला आणि उद्या याचं काही बरंवाईट झालं तर? तिने खूप विचार केला आणि शेवटी बाईमाणसाला सुचतं ते तिला सुचलं, स्वयंपाकघरातलं.

रविवारी दुपारी तिने चार पिकले चिकू गाळून दुधाची साय घालून एकजीव केले, एका वाटीत भरले. दुसऱ्या वाटीत नाचणीचं सत्त्व गूळ घालून शिजवलेलं. रंग हुबेहूब तोच. मऊ म्हणजे मऊ, असा तिने हिशेब केला; दोन्ही चमच्यावरून सारखंच ओघळतंय असं तिला वाटलं. पट्ट्या लावल्या. समोर बसली. त्याने वाटीकडे बघितलं, मग तिच्या वाटीकडे, मग तिच्याकडे.

"मागत होतात ना? घ्या आता," ती म्हणाली. तिला हसूच आवरेना. आठ वर्षांचा नवसही शाबूत आणि याची हौसही पुरी, आपण दोन्ही साधलं, या आनंदाने तिचा चेहरा फुलला होता.

हरेश्वर क्षणभर थांबला. मग त्याने तोंड उघडलं.

एक, दोन, तीन, सहा चमचे झाले. ठसका नाही, काही नाही. प्रत्येक घासाला तो लांब खिडकीबाहेर बघायचा, ती टिचकीसाठी थांबायची, मग गिळायची, आणि त्याचा कंठ वर जायचा. सहाव्या चमच्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुंदानेही डोळे पुसले. इतकं सुखाचं जेवण त्या घरात झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्याला ताप भरला. दुपारी श्वास घरघरायला लागला. संध्याकाळी तो दवाखान्यात होता आणि तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता.

सिंथिया बुधवारी आली. तिच्या हातात पट्टीची नोंद होती. तिने कुंदाला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उकिडवी बसली.

"काकू, रविवारचे सहा घास बघितले मी. तुमचा घसा फार लवकर आटोपला. चिकूचा गर चिकट असतो, त्याला जोर लागतो, वेळ लागतो. हे असं माणूस सरबरीत खीर गिळतो." ती थांबली. "तुम्ही काय खाल्लंत?"

कुंदाने सांगितलं. नवस सांगितला, नाचणी सांगितली. पहिल्यांदाच कोणाला तरी. सांगताना तिला एवढंच कळत होतं, की समोरच्या मुलीचा चेहरा उतरत चालला आहे.

"म्हणजे त्यांच्या घशाला सांगितलं गेलं की पातळ आहे, लवकर आटप," सिंथिया हळूच म्हणाली. "निम्मा घास मागेच राहिला. श्वासनळीचं झाकण उघडून श्वास सुरू झाला, आणि तो..." तिने पुढचं गिळलं.

"मी मारलं का त्यांना?"

"ते जिवंत आहेत."

"मी विचारलं ते सांग."

सिंथियाने हातातली नोंद बाकावर उलटी ठेवली. "तुमच्या हातून चूक झाली, काकू. आणि माझ्या हातूनही. ऍलर्जी विचारली, पथ्य विचारलं. नवस विचारायचा असतो हे मला सुचलं नाही. आमच्या घरीसुद्धा आई मदर मेरीसाठी चहा सोडून बसलीय सात वर्षं. मला सुचायला हवं होतं."

गुरुवारी त्याला थोडी शुद्ध होती. डॉक्टरांनी पल्लवीला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. कुंदा खाटेशी बसली. हरेश्वरने बोटांनी खूण केली, पाटी दे. ती त्याच्या पोटावर पाटी धरून बसली, आणि त्याने लिहिलं. एकेक अक्षराला इतका वेळ लागत होता, की तिला मधे मधे त्याच्या छातीकडे बघावं लागे.

नाचणी.

कुंदाच्या हातातून पाटी निसटायची राहिली. "तुम्हाला कळलं होतं?"

त्याने मुखवटा जरा सरकवून नाकाला बोट लावलं. नळी नसलेल्या नाकपुडीला. अर्थात कळलं होतं. यंत्राला हरवणारं ते नाक होतं, दोन हातांवरची वाटी त्याला कळणार नाही? तिला हे सुचलं कसं नाही!

"नवस होता माझा," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच होता."

त्याने मान हलवली, आणि लिहिलं, माहीत.

"कधीपासून?"

आठ वर्षं. मग खाली, फार वाकडं, बोटं चाटत नाहीस. पूर्वी चिकूचा गर काढताना ती बोटं चाटायची. तेवढ्यावरून त्याने ओळखलं होतं, आणि बोललं की नवस उतरतो म्हणून तोही आठ वर्षं गप्प बसला होता.

कुंदाला आता राग आला, खरा, डोक्यात जाणारा राग. "माहीत होतं तर मागितलात कशाला? रोज रोज तेच! मी काय करायचं होतं?"

हरेश्वरने डोळे मिटले. तिला वाटलं झोपला. पण त्याचा डावा हात पाटी शोधत होता. त्याने तीनच शब्द लिहिले, आणि त्यांना जवळजवळ पाच मिनिटं लागली.

तुला खायला घालायला.

एकाच भांड्यातलं, दोन वाट्या, एकाच वेळी. त्याला जे हवं ते तिला खावंच लागणार, हा नियम त्याने तिच्याइतकाच नीट ऐकला होता. एक्केचाळीस वर्षं जिने उभ्याने वाढलं आणि आठ वर्षं जिने आपल्यासाठी जीभ मारली, तिला चिकू खाऊ घालायचा दुसरा कुठला उपाय त्या लुळ्या, मुक्या माणसाच्या हाती होता? त्याला स्वतःला चिकू नकोच होता, किंवा होता तरी तो नंतरचा भाग.

"मग नाचणी कळल्यावर तोंड कशाला उघडलंत?" ती रडत ओरडली. पल्लवी दारातून धावत आत आली. "बंद ठेवायचं होतं तोंड! वाटी ढकलून द्यायची होती!"

पाटीवर आता जागा उरली नव्हती. त्याने वरचं तळहाताने पुसलं.

तू हसत होतीस, त्याने लिहिलं.

शनिवारी पहाटे हरेश्वर गेला.

दिवस झाले, पाहुणे परतले. फेब्रुवारीच्या शेवटी सिंथिया पट्ट्या परत न्यायला घोलवडला आली. तिला वाटलं होतं कुंदाकाकू दारातूनच सामान देतील. पण कुंदाने तिला आत नेलं. टेबलावर दोन वाट्या होत्या. दोन्हींत चिकूचा गर होता, एकाच भांड्यातला. घरभर तोच वास.

"मी देवीला सांगून आले," कुंदा म्हणाली. "ओटी भरली. म्हटलं, तुझं तुला पावलं. आता त्यांनी मागितलेलं राहिलंय माझ्याकडे." मग जरा वेळाने, "पट्टी लाव मला. एकदाच."

"कशासाठी, काकू?"

"एकटीने बसायची सवय गेली."

सिंथियाने पट्टी लावली. दुसरी पट्टी टेबलावर समोरच्या वाटीशेजारी घडी घालून पडली होती, बंद. कुंदा खुर्चीत पाठ टेकून नीट बसली आणि तिने पहिला चमचा तोंडात घेतला. आठ वर्षांनंतरची ती चव तिच्या जिभेवर पसरली. गिळायच्या आधी ती जराशी थांबली.

सिंथिया पडद्याकडे बघत होती. तिने चमचा पुन्हा घ्यायला सांगितला. पुन्हा तेच.

"काय झालं?" कुंदाने विचारलं.

"तो थांबा. पाव सेकंदाचा." सिंथियाने पडदा तिच्याकडे वळवला आणि बोट लावून दाखवलं. "टिचकी मारायला तिकडे कोणी नाही, काकू. तरी तुम्ही थांबताय. तुमच्या घशाने उचललाय तो. आता हा तुमचाच."

"जाईल?"

"नाही बहुतेक."

कुंदाने पहिली वाटी संपवली. मग हात लांब करून समोरची वाटी आपल्याकडे ओढली आणि तीही खायला लागली. सावकाश, एकेक चमचा. प्रत्येक घासाला तिचा घसा थांबत होता, आणि तेवढा वेळ ती खिडकीबाहेर, लांब वाडीकडे बघत होती. शेवटचा चमचा तिने जरा जास्तच वेळ तोंडात धरला.

"अजून दोन दिवस हवे होते याला," ती म्हणाली, आणि तिने गिळलं.